तारांची कुजबूज आणि परतीची वाट

आमच्या बाळपणीं तालुक्याच्या गांवाहून मुंबईस टेलिफोन करावयाचा म्हणजे घरांत एक लहानसा समारंभच असे. तासन्‌तास वाट पाहिल्यावर ट्रंक जोडली गेली कीं वडील मंडळी यंत्रांत मोठमोठ्यानें ओरडूं लागत, आणि मध्येंच कोणा परक्या गृहस्थाचें कापसाच्या भावाविषयींचें बोलणें आमच्या घरच्या सुखदुःखांत येऊन मिसळे. त्या गृहस्थास आमचें बोलणें ऐकूं जात होतें कीं काय, हें आम्हांस कधींच कळलें नाहीं. पुष्कळदां तें पाप पावसानें भिजलेल्या केबलीचें किंवा जोडणी करणाऱ्या यंत्राचें असे. परंतु तारा धडधाकट असूनहि, एकमेकींस कोठेंहि न शिवतां, एकीचें बोलणें दुसरींत उतरावें हा प्रकार टेलिफोनाइतकाच जुना आहे. इंग्रजींत त्यास क्रॉसटॉक म्हणतात. आम्ही येथें त्यास तारांची कुजबूज म्हणूं.

हल्लीं ही कुजबूज मैलोगणती लांबीच्या तारांवरून उठून नखाएवढ्या पत्रीवर येऊन बसली आहे. उपग्रहांत, रडारयंत्रांत, किंबहुना खिशांतील टेलिफोनांतहि सूक्ष्मतरंगांचीं जीं संकलित मंडलें असतात, त्यांत गॅलियम आर्सेनाइडाची पत्री सुमारें १०० मायक्रोन जाडीची असते. तिच्या खालच्या अंगास धातूचा अखंड पत्रा आणि वरच्या अंगास सुमारें ७० मायक्रोन रुंदीच्या, म्हणजे माणसाच्या केंसाएवढ्या, धातूच्या पट्ट्या. या पट्ट्या हीच तेथील तारांची जात. एका पट्टीवरून वर्धकाचा निर्गम वाहतो, शेजारच्या पट्टीवरून त्याच वर्धकाचा प्रवेश. वर्धकाची शक्ति हजारपट असेल आणि निर्गमाचा हजारावा अंश जरी उलट फिरून प्रवेशाकडे झिरपला, तरी यंत्र आपलें काम सोडून स्वतःच ओरडूं लागतें.

ही कुजबूज कमी करण्याचे उपाय विद्यार्थ्यांस एका पानांत सांगितले जातात. पट्ट्यांतील अंतर वाढवावें, पत्री पातळ घ्यावी, दोन पट्ट्यांमध्यें एक रक्षक पट्टी घालावी, शक्य तेथें जोडपट्ट्यांवरून परस्परविरुद्ध प्रवाह पाठवावे, वरून झांकण घालावें, इत्यादि. आम्हीं स्वतः तें पान कित्येक वर्षें तसेंच शिकविलें. पुढें जुन्या टेलिफोनांचा इतिहास वाचतां वाचतां ध्यानांत आलें कीं, त्या पानावरील बहुतेक उपाय १८८० ते १८९० या दशकांतच कोणा ना कोणास सुचून गेले होते, आणि त्या सर्वांच्या मुळाशीं एकच प्रश्न होता: गेलेला प्रवाह परत कोणत्या वाटेनें येतो? आजच्या पानांतून नेमका तोच प्रश्न गळला आहे.

प्रवाह जातो तसा त्यास परत यावेंच लागतें. आरंभींच्या तारायंत्रांत परतीसाठीं निराळी तार असे. १८३८ सालीं म्यूनिक येथील स्टाइनहाइल यास असें आढळलें कीं, परतीची तार काढून टाकून दोन्ही टोकें जमिनींत पुरलीं तरी काम चालतें. तारेचा खर्च निम्म्यावर आला. पृथ्वी फुकट होती, आणि फुकटची वस्तु सोडण्यास कोणीहि राजी नसतो. पुढचीं चाळीस वर्षें जगभरचें तारायंत्र या फुकटच्या वाटेवर चाललें व कोणाची विशेष तक्रार आली नाहीं. कारण तारायंत्राचा कान जाड होता. १८७६ सालीं बेलचा टेलिफोन आला. त्याचा कान इतका तिखट निघाला कीं, शेजारच्या खांबावरून जाणाऱ्या तारेंतील कडकट्ट आवाज त्यांत गारांच्या वर्षावासारखा ऐकूं येऊं लागला.

या तिखट कानाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट लंडनची आहे. १८८४ सालीं ग्रेज इन रोडवर घरांच्या छपरांवरून टेलिफोनच्या तारा जात होत्या, आणि टपालखात्याच्या तारायंत्राच्या तारा रस्त्याखालीं लोखंडी नळांतून जात होत्या. मध्यें सुमारें ८० फूट अंतर. तरी खालच्या तारांतील संदेश वरच्या टेलिफोनांत चक्क वाचतां येऊं लागले! टपालखात्याचा विद्युत्‌शास्त्रज्ञ विल्यम प्रीस यानें हा चमत्कार नोंदवून ठेविला. सामान्य माणसास वाटेल, तारा लोखंडी नळांत असतां आवाज बाहेर आलाच कसा? भिंत होती, मग शेजाऱ्यास ऐकूं कसें गेलें?

याचें उत्तर समजलें तर पुढील सर्व इतिहास समजला. नळांतील तारेनें जो प्रवाह गेला तो परत येत होता जमिनींतून, दूरवर पसरून. जाणारी वाट आणि येणारी वाट यांच्यामध्यें एक अफाट मोकळा फांस तयार झाला होता, आणि त्या फांसांतून निघणारें चुंबकीय क्षेत्र छपरावरील तारेच्या तशाच अफाट फांसांत शिरत होतें. तारेभोंवतीं नुसता नळ असल्यानें हा फांस लहान होत नाहीं. नळ हा पहारेकरी म्हणून उभा केला खरा, परंतु प्रवाहाची परतीची वाट त्याच्या हातीं दिलीच नव्हती.

ती वाट नळाच्या हातीं द्यावी हें ज्यास सुचलें त्या माणसाचें नांव ऑलिव्हर हेव्हिसाइड. जन्म १८५० चा, लंडनच्या कॅम्डेन टाउन भागांतील गरीब घरचा, कानानें अधू, शाळा लवकर सुटलेली. तारायंत्राची नोकरी त्यानें १८७४ सालींच सोडली आणि पुढें जन्मभर नोकरी केली नाहीं. १८८० सालीं त्यानें इंग्लंडांत १४०७ क्रमांकाचें पेटंट घेतलें. त्यांतील कल्पना अशी: एक तार नळीच्या मधोमध ठेवावी, आणि परतीचा प्रवाह जमिनींतून न नेतां त्याच नळींतून न्यावा. जाणारा व येणारा प्रवाह एकाच अक्षाभोंवतीं असल्यामुळें बाहेर त्यांचें क्षेत्र परस्परांस पूर्णपणें खोडून टाकतें. बाहेरच्यास कांहीं ऐकूं येत नाहीं, आणि उलट बाहेरचें आंत शिरत नाहीं. ग्रेज इन रोडच्या चमत्कारापूर्वीं चार वर्षें त्याचें औषध कागदावर लिहून ठेविलें होतें! पुढल्या वर्षीं, म्हणजे १८८१ त, बेलनें अमेरिकेंत दुसरा मार्ग नोंदविला: जाणारी व येणारी अशा दोन तारा घेऊन त्यांस एकमेकींभोंवतीं पीळ द्यावा. शेजारच्या तारेस या दोघींपैकीं कधीं ही जवळ येते कधीं ती, आणि एकीचा परिणाम दुसरी फेडते. एका मार्गांत वेढा, दुसऱ्यांत समतोल. दोहोंतहि परतीची वाट जाणाऱ्या वाटेस चिकटलेली.

मग हे उपाय तत्काळ सर्वत्र कां अंमलांत आले नाहींत? कारण अगदीं साधें आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाची तार दुप्पट करावी लागली असती. कंपन्या चालढकल करीत राहिल्या, आणि त्यांस शेवटीं हलविलें तें शास्त्रानें नव्हे, ट्रॅमगाडीनें. १८८८ सालीं व्हर्जिनियांतील रिचमंड शहरीं स्प्रेग यानें विजेच्या ट्रॅमगाड्या चालू केल्या, आणि लवकरच शहरोशहरीं त्या धांवूं लागल्या. ट्रॅमचा प्रवाह रुळांतून व जमिनींतून परत येई. त्याच जमिनीवर टेलिफोनाचाहि हक्क होता, निदान टेलिफोनवाल्यांस तसें वाटत होतें. ते न्यायालयांत गेले. ओहायो संस्थानाच्या वरिष्ठ न्यायालयानें १८९१ सालीं सिनसिनाटीच्या खटल्यांत ट्रॅमच्या बाजूनें निकाल दिला: रस्त्याचा मुख्य उपयोग जाण्यायेण्याचा आहे, टेलिफोनानें आपली सोय आपण पाहावी. फुकटच्या वाटेवर मालकी सांगतां येत नाहीं हें कळल्यावर दुसऱ्या तारेचा खर्च एकाएकीं परवडूं लागला. विज्ञानाच्या इतिहासांत न्यायाधीशांचा हा वांटा लिहिण्याची पद्धत नाहीं. ती पडावी असें आम्हांस वाटतें.

प्रीस आणि हेव्हिसाइड यांचें वैर सुप्रसिद्ध आहे. १८८७ सालीं हेव्हिसाइडनें आपला भाऊ आर्थर याच्यासह टेलिफोनाविषयीं एक निबंध लिहिला. आर्थर टपालखात्याचा न्यूकॅसल येथील अभियंता, म्हणजे प्रीसच्या हाताखालचा माणूस. प्रीसनें तो निबंध अडवून ठेविला. तारेंतील स्वप्रवर्तन हें उपकारक असूं शकतें, हें त्यांतील मत प्रीसच्या मतास सर्वस्वी विरुद्ध होतें. प्रीसनें येथें अन्याय केला यांत शंका नाहीं. तथापि त्यास मूर्खांत काढण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. जी कुजबूज इतरांस शत्रु वाटत होती, तिचाच उपयोग करून पाहावा हें याच गृहस्थास सुचलें. १८८५ सालीं न्यूकॅसलच्या माळरानावर तारांचे मोठमोठे चौकोन मांडून, मध्यें कांहीं जोडणी न ठेवतां, एकाचें बोलणें दुसऱ्यांत पाव मैलावर ऐकविण्यांत आलें. आणि हे प्रयोग करणारा माणूस कोण, तर तोच आर्थर हेव्हिसाइड. १८९२ सालीं ब्रिस्टल खाडींत लॅव्हरनॉक टोंकापासून फ्लॅट होम बेटापर्यंत सुमारें तीन मैल याच रीतीनें संदेश गेले. १८९७ च्या मे महिन्यांत त्याच दोन जागांमध्यें मार्कोनीनें आपल्या तरंगांनीं संदेश पाठविला आणि प्रीसची रीत मागें पडली.

आतां जॉन कार्टी याच्याकडे वळूं, कारण आमच्या मतें या कथेंतील सर्वांत सुंदर प्रयोग त्याचा आहे. कार्टी हा बोस्टनच्या टेलिफोन-कचेरींत पोरगा म्हणून नोकरीस लागला आणि पुढें अमेरिकेच्या टेलिफोन-व्यवस्थेचा प्रमुख अभियंता झाला. कुजबूज चुंबकीय प्रवर्तनानें होते असें त्या वेळीं बहुतेकांचें मत होतें. १८८९ सालीं न्यूयॉर्कांत वाचलेल्या निबंधांत कार्टीनें त्यास हरकत घेतली. त्याची युक्ति अशी. कुजबूज ऐकणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांस श्रवणयंत्रें लावा, आणि एक अगदीं मध्यावर लावा. कारण चुंबकीय असेल तर प्रवाह तारेंतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ वाहील व तिन्ही यंत्रें बोलतील. कारण विद्युत्‌भाराचें असेल, तर शेजारणीच्या भारानें ओढलेला किंवा लोटलेला भार मध्यापासून दोन्ही बाजूंस निम्मा निम्मा वाहील, आणि मध्यावर कांहींच वाहणार नाहीं. प्रयोग केला. टोकांचीं यंत्रें बोलत होतीं. मधलें मुकें होतें. त्याच्या तारांपुरता तरी भाराचाच पक्ष जिंकला. एका मुक्या श्रवणयंत्रानें एवढा मोठा निवाडा दिल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

यानंतरचीं पन्नास वर्षें आम्ही भराभर ओलांडतों. खांबांवरील तारांनीं ठराविक अंतरावर जागा बदलाव्या हें शास्त्र बनलें. हेव्हिसाइडची नळी एस्पेनशीड व अॅफेल यांनीं १८२९ नव्हे, १९२९ सालीं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानें, नव्या रूपांत पेटंट केली, आणि १९३६ सालीं न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया अशी प्रायोगिक समाक्ष केबल घातली गेली. त्याच वर्षीं साउथवर्थ आणि बॅरो यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, पुरेशा सूक्ष्म तरंगांस मधल्या तारेचीहि गरज नाहीं. नुसती पोकळ नळी पुरे. दुसऱ्या महायुद्धांतील रडार या नळ्यांवर चाललें. नळ्या जड, महाग, घडविण्यास कठीण. परंतु त्यांत शेजारधर्माचा प्रश्नच नव्हता. सर्व कांहीं धातूच्या भिंतीआड.

युद्धानंतर पुनः काटकसर आली. अमेरिकन हवाई दलाच्या केंब्रिज येथील संशोधन-केंद्रांतील रॉबर्ट बॅरेट यानें १९५० च्या सुमारास समाक्ष केबल जणुं लाटण्याखालीं चपटी केली: निरोधकाच्या दोन थरांमध्यें एक धातूची पट्टी, आणि वर व खालीं एकेक पत्रा. ही स्ट्रिपलाइन. १९५२ च्या डिसेंबरांत ग्रीग आणि एंगेलमन यांनीं वरचा पत्रा व वरचा थरहि काढून टाकला. खालीं एक पत्रा, त्यावर निरोधक, त्यावर उघडी पट्टी. हिचें नांव मायक्रोस्ट्रिप. छापावयास सोपी, वरून भाग चिकटवावयास सोपी, आणि स्वस्त. स्टाइनहाइलनें परतीची तार काढली होती, यांनीं परतीचा अर्धा वेढा काढला. आरंभीं हलक्या निरोधकांवर तिच्यांतून शक्ति फार निसटे, म्हणून दहाएक वर्षें तिला फारसा मान मिळाला नाहीं. पुढें अॅल्युमिनाच्या पातळ तबकड्या मिळूं लागल्यावर १९६० नंतरच्या दशकांत तीच घरोघर झाली.

आणि तिच्याबरोबर कार्टीचा प्रश्न परत आला. दोन पट्ट्या शेजारीं शेजारीं धांवत असतां एक कुजबूज भारानें होते, एक चुंबकीय क्षेत्रानें. जेथून संदेश निघाला त्या जवळच्या टोकाकडे या दोहोंची बेरीज होते. दूरच्या टोकाकडे त्यांची वजाबाकी. स्ट्रिपलाइनमध्यें पट्टीच्या सर्व बाजूंस एकच निरोधक असल्यामुळें दोन्ही समान भरतात आणि दूरचें टोक मुकें राहतें. कार्टीचें मधलें यंत्र मुकें राहिलें होतें त्याची ही सख्खी नव्हे तरी चुलत बहीण. मायक्रोस्ट्रिपमध्यें मात्र खालीं निरोधक व वर हवा. हवेमुळें भाराची कुजबूज दुबळी पडते, चुंबकीय जोर करते, आणि वजाबाकी शून्य न येतां पट्ट्यांच्या लांबीबरोबर वाढत जाते. कार्टीच्या तारांत भार जिंकला होता. येथें पारडें उलटलें.

हीच गोष्ट सूक्ष्मतरंगवाले निराळ्या भाषेंत सांगतात. दोन्ही पट्ट्यांवर सारखे प्रवाह असतां जो सम तरंग धांवतो तो बराचसा निरोधकांतून जातो म्हणून मंद; परस्परविरुद्ध प्रवाह असतां जो विषम तरंग धांवतो त्याचें बरेंच क्षेत्र हवेंत असतें म्हणून तो शीघ्र. दोघे एकत्र निघून निरनिराळ्या वेळीं पोंचतात, आणि त्यांच्या फरकांतून दूरची कुजबूज जन्मते. ब्रायंट व वाइस यांनीं १९६८ सालीं या दोन तरंगांचे आंकडे मांडून दिल्यावर अंदाजाची जागा गणितानें घेतली. १९७० सालीं पोडेल यानें पट्ट्यांच्या समोरासमोरच्या कडा करवतीसारख्या नागमोडी करून विषम तरंगाचा वेग मुद्दाम कमी केला, म्हणजे दोघे बरोबर पोंचतील. पट्ट्यांवर निरोधकाचा आणखी एक थर पसरला तरी तेंच साधतें. गमतीची गोष्ट अशी कीं, पोडेलचा हेतु कुजबूज बंद करण्याचा नव्हता. त्यास ती हवीच होती, परंतु एकाच दिशेनें. प्रीसच्या चौकोनांचा वंश असा अद्याप चालू आहे.

या सर्व युक्त्या दूरच्या टोकास गुण देतात. जवळच्या टोकास वेगांच्या मिलाफाचा उपयोग नाहीं. तेथें अंतर व जाडी यांचाच हिशेब. परतीचा प्रवाह पट्टीच्या नेमका खालीं, पत्र्यांतून वाहतो. पत्री जितकी पातळ तितका तो पट्टीस चिकटून वाहतो व शेजारणीपासून दूर राहतो. पट्ट्यांतील अंतर तेंच ठेवून पत्रीची जाडी निम्मी केली कीं कुजबूज झपाट्यानें उतरते. मात्र पट्टीहि अरुंद करावी लागते आणि तिच्यांत उष्णतेनें होणारा नाश वाढतो. उलट, खालच्या पत्र्यांत कोणीं सोयीसाठीं फट पाडली, तर परतणारा प्रवाह त्या फटीस वळसा घालून जातो, आणि ग्रेज इन रोडचा फांस मिलिमीटरांच्या मापानें पुनः उघडतो. १९६९ सालीं वेन यानें पट्टीच्या दोन्ही अंगांस त्याच पृष्ठावर परतीचे पत्रे मांडण्याची जी रचना सुचविली, तिचें एक सुख हेंच कीं परतीची वाट डोळ्यांसमोर राहते, विसरतां येत नाहीं.

रक्षक पट्टीविषयीं दोन शब्द लिहून आम्ही थांबतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्यानें टेफ्लॉनच्या तबकडीवर ३ अब्ज आवर्तनांचा दोन टप्प्यांचा वर्धक केला. प्रवेशाची व निर्गमाची पट्टी शेजारीं आल्या होत्या, म्हणून आम्हीं शिकविलेल्या पानाप्रमाणें त्यानें दोहोंमध्यें एक सुबक रक्षक पट्टी घातली, सुमारें साडेतीन सेंटिमीटर लांबीची, दोन्ही टोकें मोकळीं. वर्धक ओरडूं लागला. पट्टी चाकूनें खरवडून काढली तर ओरडणें कमी झालें! त्या तबकडीवर त्या आवर्तनाची तरंगलांबी सुमारें सात सेंटिमीटर भरते. म्हणजे रक्षकाची लांबी बरोबर अर्धी तरंगलांबी होती, आणि मोकळ्या टोकांची अर्ध्या तरंगाची पट्टी म्हणजे सुरांत लावलेली तार. पहारेकरी दोन्ही बाजूंचें बोलणें ऐकून मोठ्यानें पुनः सांगत होता. चूक विद्यार्थ्याची नव्हती, पानाची होती, आणि पान आमचें होतें. नव्या तबकडीवर त्यानें रक्षक पट्टी परत घातली, परंतु दर पांच मिलिमीटरांवर भोंक पाडून तांब्याच्या तारेनें ती खालच्या पत्र्यास जोडली. या वेळीं वर्धक गप्प राहिला. ती तबकडी आमच्या मेजाच्या खणांत आहे. सात भोंकांपैकीं तिसरें किंचित् वांकडें पडलें आहे, कारण तें आम्हीं पाडलें.